उडवीवरचं टप

जीपचं टप मी घरी ठेवलं. कन्याकुमारीला निघायच्या सकाळी जीपचं ताडपत्रीचं छत मी सोडलं, भाताच्या उडवीवर पसरलं, चारी कोपऱ्यांना दगड बांधले आणि मग आपण दोघं उघड्या जीपमधून दक्षिणेला गेलो. सोपाना, ही गोष्ट तू जन्मभर लोकांना सांगितलीस आणि दर वेळी इथूनच सुरू केलीस, म्हणून मीही इथूनच करतो. या वेळी मध्येच कोणी “थांब इठ्या, तुला सांगता येत न्हाई” म्हणणार नाही, एवढाच काय तो फरक.

काल तुझा दहावा झाला. कावळा शिवला, काळजी करू नकोस. जरा वेळ लागला, तो माझ्यामुळं लागला, ते ओघानं येईलच. कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्याचं मागं काही राहिलं नाही, असं आपण मानतो. पण तो शिवेपर्यंत मी जे काही करून बसलो ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही. कारण तुझं काही राहिलं असेल तर ते एकच, आणि ते राहिलं असेल तर माझ्या त्या टपामुळं.

तुमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तू आईच्या कडेवर होतास. तुमच्या जमिनीपैकी वर राहिलं ते एक टेपाड. तीन अंगांनी पाणी आणि चौथ्या अंगानं पायवाट. तुझ्या वडिलांनी तिथं नाचणी केली, मागाहून तू केलीस. लोक म्हणायचे, एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला मरतोस, आणि तू म्हणायचास, “तुकडा न्हाई त्यो. आमची जिमीन जितं संपली, ती जागा हाय.” तू असं काही बोललास की मला हसू यायचं. तू जड बोलायचास आणि लगेच नाक शिंकरायचास, त्याला मी काय करू.

मग एके दिवशी आपल्या जीपमध्ये पुण्याहून एक शाळामास्तर बसले. भूगावच्या पुढं तू त्यांना टेपाडाचं सांगितलंस तेव्हा ते म्हणाले, आपला सगळा देशच दक्षिणेला तसा संपतो, कन्याकुमारीला, तिन्ही बाजूंना पाणी. झालं. मास्तर पौडला उतरून गेले आणि तू माझ्या मानगुटीवर बसलास.

“इठ्या, आख्ख्या देशाचं टेपाड हाय म्हनं तितं.”

“मग?”

“मग काय, बघाया नगं?”

“समुद्र बघायचा तर ताम्हिणी उतर की. कोकणात फुकट हाय.”

“तितं पानी एकाच अंगाला. एका अंगाचं पानी कोन बी बघतंय. आमची जिमीन कशी संपली त्ये बानं मला दावलं. समद्यांची कुटं संपती ती जागा मला बघायची हाय.”

मी हो म्हणालो. उत्तर सुचलं नाही की मी हो म्हणतो, ही माझी जुनी खोड. लग्नालाही असाच हो म्हणालो होतो.

आपली जीप लष्कराच्या लिलावातली. भाड्यानं माणसं न्यायला दोघांत मिळून घेतलेली, आणि स्टिअरिंग डाव्या अंगाला. पुढच्या गाडीला ओलांडायचं तर समोरचा रस्ता तुला दिसायचा नाही, तो उजवीकडं बसलेल्या मला दिसायचा. मी बाहेर डोकं काढून “जा” म्हणायचो किंवा “थांब” म्हणायचो. सगळा जीव माझ्या एका शब्दावर. तरी तू मला बाजूला बसवायचास. एकदा साताऱ्याच्या पुढं मी “जा” म्हणालो आणि समोरून उसाची गाडी आली, बैल इतके जवळ की त्यांच्या शिंगांचा रंग मला अजून आठवतो. तू जीप शेतात घातलीस, थांबवलीस आणि शांतपणे म्हणालास, “इठ्या, जा मला म्हनालास का बैलास्नी?”

पण मी पुढं पळालो. आधी निघायची सकाळ.

भात कापून झाला होता, पेंढ्यांची उडवी रचून झाली होती, झोडणीला अवकाश होता. आपल्याला वर्षात मोकळीक म्हणाल तर तेवढीच. घरोघरी पावसात डोक्यावर घ्यायची पानांची इरली माळ्यावर गेली होती. आता पाऊस पडून पडून आपली जिथं हाडं भिजतात त्या मुळशीतला माणूस, त्याला पावसाचं कोण शिकवणार? इरलं माळ्यावर गेलं की पाऊस संपला, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. मग टपाचं ओझं कशाला न्यायचं? उलट रात्री दव पडतं, उडवीला पांघरूण होईल. माझ्या या हुशारीवर मी खूश होतो. तुझ्या घरून पारूवहिनी शिदोरी घेऊन आल्या आणि जीपकडं बघत राहिल्या.

“भावजी, वर काय न्हाई व्हय?”

“वहिनी, उडवी रचल्यावर पाऊस येतो का कुटं?”

“मला काय ठावं. तुमी शिकल्यालं.”

पुढं तू सगळ्यांना सांगायचास की तू मला अडवलं होतंस. सोपाना, तू गेलास म्हणून हे खोटं मी खपवून घेणार नाही. तू अडवलं नाहीस. तू त्या वेळी जीपच्या मागं आंबेमोहोर तांदळाचं पोतं आवळत होतास, कारण दक्षिणेत भात कसला मिळतोय, अशी तुझी खात्री होती. दक्षिणेत. भात. मी टप विसरलो नव्हतो, विचार करून ठेवलं होतं, आणि तू पोतंही विचार करूनच घेतलं होतंस. आपण दोघं विचार करायला बसलो की असंच व्हायचं.

जाताना ऊन इतकं लागलं की बेळगाव सोडेपर्यंत माझ्या नाकाची साल निघाली. तू टॉवेल डोक्याला गुंडाळून मजेत होतास. हुबळीच्या पुढं मराठी संपली, पण तुझी संपली नाही. तू कन्नड माणसाशी मावळी बोलायचास, तमिळ माणसाशी मावळी बोलायचास आणि आवाज तेवढा वाढवायचास. मी माझं मॅट्रिकचं इंग्रजी काढलं की लोक पाठ फिरवायचे. पंक्चर काढणाऱ्या एका म्हाताऱ्याला तू “बाबा, हवा जरा बेतानं” म्हणालास आणि त्यानं बेतानंच भरली. मला आजही कळत नाही, त्याला काय कळलं.

मद्रासकडं पाऊस हिवाळ्यात पडतो, हे मी शाळेत पाठ केलं होतं. भूगोलात मला बरे गुण असायचे. ते मला मदुरेच्या पुढं आठवलं, समोर आभाळ काळंनिळं झालं तेव्हा. तू जीप बाजूला घेतलीस. वर बघितलंस. मग माझ्याकडं बघितलंस.

“इठ्या.”

“हं.”

“उडवी कोरडी आसंल न्हवं?”

“आसंल.”

“बरं झालं,” म्हणालास आणि गाडी सुरू केलीस.

पुढचं सगळं पाण्यातलं. मी छत्री उघडून तुझ्यावर धरली, ती वाऱ्यानं उलटी झाली आणि तिची काडी तुझ्या कानात गेली. तुझ्या अंगातल्या कोपरीचं पाणी स्टिअरिंगवर आणि माझ्या धोतराचं पायात साचलेलं. तुझ्या शिव्यासुद्धा संपल्या, यावरून पाऊस किती होता ते कोणालाही कळेल. तिरुनेलवेलीच्या पुढं एका बांधावरून एक बाई चालली होती, डोक्यापासून कमरेपर्यंत ताडाच्या पानांचं आवरण. तू करकचून ब्रेक मारलास.

“इरलं! बघ, इठ्या, इरलं. ह्या बाईच्या डोस्क्यात उजेड हाय.”

बाई आपल्याला बघून हसली. एवढ्या पावसात उघड्या गाडीतून, पोतं घेऊन, दोन माणसं. मीही हसलो असतो.

आणि आपण पोचलो. सोपाना, तू पुढं कितीही रंगवलंस तरी खरं हेच की तिथं काही दिसत नव्हतं. पाणी वर, पाणी खाली, मध्ये एक पांढरा पडदा. समुद्र कुठं सुरू होतो आणि पाऊस कुठं संपतो, काही पत्ता नाही. पुढं रस्ता नव्हता म्हणून थांबलो, एवढ्यावरून म्हणायचं की आलो.

ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं एक चहाचं खोपट होतं. एक म्हातारी ते चालवायची. समुद्र खवळला म्हणून न गेलेले कोळी आत उकिडवे बसले होते. आपण आत शिरलो तेव्हा खोपटात पाणी आलं ते आपल्याच अंगाचं. तू जीपकडं गेलास, पोतं ओढत आणलंस आणि सोडलंस. तांदूळ भिजून फुगला होता, आंबूस वास सुटायला लागला होता. घरचा आंबेमोहोर. तुझं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरलेलं बघितलं. मी म्हणालो, “सोपाना, टाकून देऊ.” तू माझ्याकडं असं बघितलंस की मी पुन्हा कधी अन्नाला टाकून देऊ म्हणालो नाही.

तू मूठभर तांदूळ म्हातारीपुढं धरलास. “आज्जे, आत्ता शिजवला तर ऱ्हाईल. उद्या न्हाई.” मावळीतच. तिनं तांदूळ हुंगला, पुन्हा हुंगला, मागं कोणाला तरी हाक मारली आणि भलंमोठं पातेलं आलं. पाण्यात धुवून धुवून सगळं पोतं शिजवलं. आंबेमोहोराचा वास त्या खोपटात असा भरला की बाहेरून जाणारे आत डोकावले आणि आत आलेले बसले. तिनं माशाचं कालवण केलं. आपल्या मुळशीच्या भातावर देशाच्या टोकाची अख्खी आळी जेवली. एक दाढीवाला कोळी शीत न् शीत पुसून खात होता आणि मधूनच तुझ्या मांडीवर थाप मारत होता. भाताच्या मुलखात भात घेऊन जाणारा वेडा म्हणून मी तुला वाटभर चिडवलं होतं. ते मी तिथं मागं घेतलं, मनात. तोंडानं आज घेतो.

जेवण झाल्यावर म्हातारीची पानांची दोन इरली डोक्यावर घेऊन तू मला मनगटाला धरून बाहेर काढलंस. खडकापर्यंत नेलंस.

“बघ.”

“काय बघू? काय बी दिसत न्हाई.”

“गप हुबा ऱ्हा.”

उभा राहिलो.

“तिन्ही अंगानं आवाज येतुया का न्हाई?”

“माझे दात वाजत्यात, त्योच आवाज.”

तू हसला नाहीस. तू तसाच उभा राहिलास, इरल्याच्या कडेवरून पाणी गळत होतं, आणि तू आधी डावीकडं कान केलास, मग समोर, मग उजवीकडं. तुमच्या टेपाडावरही तू असाच उभा राहायचास. मला थंडी वाजत होती. मी चहाला परत आलो. तू बराच वेळ आला नाहीस.

दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही. झोडणी थांबली होती, निघणं भाग होतं. आणि काय सांगावं, नागरकोईल मागं पडलं न पडलं तोच ऊन पडलं. लख्ख. रस्त्याची वाफ निघायला लागली. मी म्हणालो, “सोपाना, फिरव गाडी. आत्ता दिसंल समदं.”

“ऱ्हाऊ दे. बघून झालं.”

“आरं, काय बघितलंस तू? पाऊस?”

“बघून झालं म्हनलं न्हवं? म्होरं बघ, त्यो ट्रक सरकतोय का सांग.”

मी बाहेर डोकं काढलं आणि म्हणालो, “जा.” आणि तू गेलास. घराकडं.

हा आपला वाद. तेव्हापासून पौडच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, कोणाच्या तरी बारशाला तो चाललेलाच. तू म्हणायचास, “आमी कन्याकुमारी पाह्यली.” मी म्हणायचो, “ऐकली म्हण.” लोक हसायचे. तू पुन्हा सुरू करायचास, “ह्या शान्यानं जीपचं टप…” आणि मी माझ्या मूर्खपणाची गोष्ट तुझ्या तोंडून ऐकत चहा प्यायचो. हे मला कधी कळलं नाही असं नाही की दुसरा कोणी असता तर तो वर्षानुवर्षं अढी धरून बसला असता. तू जन्मभराची एक इच्छा घेऊन एवढ्या लांब गेलास आणि माझ्या हुशारीनं ती पावसात गेली. त्यावर तू राग धरायचा तिथं गोष्ट धरलीस. सगळ्या गावाला हसवलंस आणि मला तुझ्या बाजूला बसून हसायची सोय करून दिलीस. याबद्दल मी तुला काही बोललो नाही. असं आपल्यात बोलत नाहीत. बोललो असतो तर तू नाक शिंकरलं असतंस.

पण मनात एक खडा होताच. “बघून झालं” हे तू खरं बोललास की मला वाईट वाटू नये म्हणून? दर वर्षी उडवी रचली की मी म्हणायचो, यंदा जाऊ, टप घेऊन जाऊ. तू म्हणायचास, “जाऊ की.” मग कधी माझ्या मुलीचं लग्न, कधी जीपचा आस मोडलेला. जीप शेवटी भंगारात गेली. टप राहिलं, ठिगळं लावलेलं, दर वर्षी उडवीवर जातं.

परवाच्या आषाढात तू अंथरुणाला खिळलास तेव्हा मी येऊन बसायचो. बाहेर आपला नेहमीचा पाऊस. मी म्हणालो, “उडवी रचली की रेल्वेनं जाऊ. रेल्वेला टप आसतंय.” तू डोळे मिटूनच म्हणालास, “तुला बघायची ऱ्हायलीय, तर चल. मी सोबत येतु.” मी हसून उडवलं. तू मात्र हसला नव्हतास, हे मला घरी जाताना चिखलात पाय रुतल्यावर उमगलं. परत फिरून विचारावंसं वाटलं. पाय काढला आणि घरी गेलो.

सरणावर तुला ठेवलं तेव्हा सगळे राम राम म्हणत होते. मी “जा” म्हणालो. हळूच. ते माझंच काम होतं. या वेळी समोर काय आहे ते मला दिसत नव्हतं, पण त्या बैलांच्या वेळी तरी कुठं दिसलं होतं, आणि तरी तू गेला होतास.

तर आता दहाव्याचं.

श्रावण असला तरी पाऊस आषाढाचाच होता. मुळेच्या काठावर पिंड मांडले, भात माझ्या घरचा, आंबेमोहोर. तो वास आला आणि मला ते पोतं आठवलं. मी मनाशी म्हटलं, एकदा याचा भात मी भिजवला, या वेळी शीतही भिजू द्यायचं नाही. म्हणून टप घेऊन गेलो होतो. चार बांबू, चार माणसं, एका कोपऱ्याला मी. टप पिंडांवर नीट ताणून धरलं. शीत न् शीत कोरडं. मला बरं वाटलं. शेवटी एकदा तरी टप योग्य ठिकाणी आणलं.

कावळा आला. जांभळीच्या फांदीवर बसला. खाली काही येईना.

तुझा थोरला हात जोडून म्हणाला, “आबा, आयला अंतर देणार न्हाई.” कावळा बसून. धाकटा म्हणाला, “टेपाड ईकणार न्हाई, आबा.” कावळ्यानं चोच फांदीला पुसली. वाऱ्यानं टप फडफडत होतं, माझे हात भरून आले होते. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुझा मेहुणा म्हणाला, “इठ्ठलराव, तुमचं काय आसंल तर बोला.”

मी बांबू खांद्याला टेकवला आणि हात जोडले. “सोपाना, यंदा कन्याकुमारीला जातो. ऊन बघून जातो. तुझ्या वाटचं समदं बघून येतो.”

कावळ्यानं पाठ फिरवली.

म्हणजे राहिलंच होतं तर. एवढी वर्षं तू मला सांभाळून घेतलंस, तिथं खडकावर तुला काहीच मिळालं नव्हतं, आणि आता ते मिळायची वेळही गेली. हॉटेलातलं प्रत्येक हसणं मला आठवलं. मी टपाचा कोपरा घट्ट धरून उभा राहिलो, कारण दुसरं धरायला काही नव्हतं, आणि वाऱ्यानं ते आणखीच फडफडायला लागलं.

मागं बायकांत पारूवहिनी उभ्या होत्या, डोक्यावर पदर, भिजलेल्या. रडून रडून आवाज बसला होता, पण पोचला सगळ्यांना.

“भावजी, त्ये टप खाली घ्या आदी. न्ह्यायचं तवा न्हेलं न्हाई, आन् आज कावळ्याच्या आड धरलंय.”